घरातल्या फौजी माणसाचा जुना फोटो कॉम्प्युटरवर नीट कसा करायचा

सगळ्यात आधी एक विनंती. एका क्लिकमध्ये चेहरा चकाचक करून देणारं जे ॲप तुमच्या मोबाईलमध्ये आहे ते आत्ता उघडू नका. वापरायचं की नाही ते शेवटी ठरवू, पण सुरुवात तिथून नको. फौजी माणसाच्या फोटोत चेहरा तर असतोच, पण बाहीवरच्या फिती, छातीवरच्या रिबनी, टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरं हे सगळं वाचता येतं, आणि कितीतरी घरांत त्या माणसाच्या नोकरीचा तेवढाच एक पुरावा उरलेला असतो. डिस्चार्ज बुक कधी वाळवीने खाल्लं, कधी घर बदलताना गेलं, पदकं कुणाकडे आहेत ते माहीत नाही, राहिला तो फोटो. त्यामुळे डाग, भेगा, पुसटपणा जेवढा आहे तेवढाच काढायचा, माणूस आणि त्याची वर्दी जशी होती तशीच ठेवायची. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

आपल्या नाशिककडे असे फोटो भरपूर घरांत आहेत. सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी, कुठल्याही गावात विचारा, कुणाचे तरी आजोबा पणजोबा पलटणीत होतेच. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज २५ लाखांच्या आसपास गेली होती आणि ती सगळी स्वतःहून भरती झालेली माणसं. त्यात देवळालीला १८६० च्या दशकापासून छावणी, पुढे तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, म्हणजे बाहेरून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले अशीही घरं खूप. बऱ्याच फोटोंच्या मागे देवळाली कॅम्पातल्या स्टुडिओचा शिक्का सापडतो, तो नंतर फार कामाला येतो.

आता भिंतीवरची फ्रेम खाली काढायची. एक तर हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती ओल्या असतात, फोटोचा थर मऊ पडलेला असतो आणि हात लावला की निघतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते तेव्हा करा. पितृपक्षात सगळे फोटो खाली काढून पुसले जातात तेव्हा लगेच फ्रेम उघडायचा मोह होतो, पण तोही काळ ओलाच असतो, म्हणून तेव्हा फक्त बघून ठेवा की कुठे काय झालंय.

फ्रेम पालथी करून मऊ कपड्यावर ठेवा, मागचे खिळे गंजलेले असतील तर वर न ओढता पक्कडीने हळूच सरळ करून काढा, नाहीतर पुठ्ठा सरकतो आणि खिळ्याचं टोक फोटोवर चरा मारतं. पुठ्ठा उचलल्यावर फोटो आपसूक सुटला तर उत्तम. पण काचेला चिकटला असेल तर तिथेच थांबा. खरंच थांबा. कोपरा उचलून बघू, गरम हवा देऊ, पाण्याची वाफ देऊ, असं काहीही करू नका, कारण चिकटलेला भाग बहुतेक वेळा नेमका चेहऱ्याचाच असतो आणि तो काचेवर राहून कागद हातात येतो. काचेसकट त्याचा फोटो काढता येतो, ते पुढे सांगतो.

पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ओला कापूस, स्पिरिट, काच पुसायचं लिक्विड, काहीही लावायचं नाही. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर चांदीचे कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. बुरशी ते जिलेटिन खाते आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळायला लागतो, मग ओल्या कापसाबरोबर डोळे नाक सगळं निघून येतं. मऊ कोरडा ब्रश नाहीतर कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर, बस. फाटलेल्या तुकड्यांना सेलोटेप लावू नका, आधीच लावलेली असेल तर ओढू नका. ८० च्या दशकात ते चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले अल्बम आले होते ना, त्यातून फोटो निघत नसेल तर दातांसाठी वापरायचा साधा, मेण नसलेला फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्या, बहुतेक वेळा सुटतो.

आणि मागची बाजू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, कधी पूर्ण नाव गाव. जुन्या पिढीतली माणसं मोडी लिहायची, त्यामुळे मागे मोडीतली एखादी ओळ असू शकते, ती डाग समजून सोडून देऊ नका. मागची बाजूसुद्धा तेवढ्याच काळजीने स्कॅन करायची, मोडी वाचणारं माणूस आज ना उद्या भेटतं.

स्कॅनिंग हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथे कंजूषी केली तर पुढची मेहनत वाया जाते. ऑल-इन-वन प्रिंटरचा जो स्कॅनर असतो तो सपाट कागदाला ठीक आहे, पण फोटो थोडा वाकलेला किंवा काचेपासून वर उचललेला असला की धूसर येतो, कारण त्याची फोकसची खोली फारच कमी असते. जाड फ्लॅटबेड, ज्यात सीसीडी सेन्सर असतो, तो मिळाला तर बघा. घरी नसेल तर कॉलेज रोड, एमजी रोड, नाशिकरोडला जिथे फोटो लॅबचं काम चालतं तिथे विचारा, पण ओरिजिनल ठेवून येऊ नका, समोर बसून स्कॅन करून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात हे काम देऊ नका, तिथे कागदपत्रांच्या सेटिंगवर कमी डीपीआयची, म्हणजे इंचाला कमी ठिपक्यांची, पीडीएफ मिळते आणि ती या कामाला उपयोगाची नाही.

सेटिंग असं ठेवायला सांगा. पोस्टकार्ड साइज किंवा मोठा फोटो असेल तर ६०० डीपीआय, लहान असेल तर १२००. हिशोब सोपा आहे, २ बाय ३ इंचाचा फोटो १२०० ला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सल मिळतात, आणि प्रिंटला ३०० डीपीआय धरलं तर तो ८ बाय १२ इंचांपर्यंत मोठा करता येतो. फाइल टिफ ठेवा, जेपेग नको. स्कॅनरचं सगळं ऑटो बंद करा, म्हणजे शार्पन, डस्ट रिमूव्हल, ऑटो कलर. आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करा, ४८ बिटचा पर्याय असेल तर तो. दुकानवाला म्हणेल साहेब हा काळापांढरा आहे ग्रेस्केल घेतो, त्याला नको म्हणा. का ते आता सांगतो, कारण या सगळ्या कामातली मला सगळ्यात आवडती युक्ती त्यातच आहे.

आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला कुंकू लागतं, अष्टगंध लागतं, हार घातला जातो, उदबत्तीचा धूर लागतो. बहुतेक वेळा ते काचेवर राहतं, पण काच तडकलेली असेल किंवा फोटो बिनकाचेचा असेल तर कुंकू थेट कागदात मुरतं. माझ्या आजीच्या भावाचा फोटो असाच होता, वर्दीतला, कपाळावर बरोबर भुवयांच्या मधे गडद लाल डाग आणि तिथून एक ओघळ नाकापर्यंत आलेला. डोळ्याने बघितलं तर वाटायचं की खाली काही शिल्लक नाही. कलर स्कॅन गिंप नावाच्या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, कलर्स मेन्यूत कंपोनंट्स, तिथे डिकंपोज, आणि आरजीबी निवडलं. याने लाल, हिरवा, निळा असे तीन वेगवेगळे काळेपांढरे फोटो मिळतात. निळ्या चॅनलमध्ये तो डाग शाईसारखा काळाकुट्ट दिसत होता, हिरव्यातही तसाच, आणि लाल चॅनल उघडला तर डाग जवळपास गायब, खाली कपाळ, भुवई, दोन भुवयांमधली आठीसुद्धा स्पष्ट. लाल रंगाचा डाग लाल चॅनलमध्ये उजेडासारखाच पडतो म्हणून तो दिसत नाही, एवढंच त्यामागचं कारण, पण ज्या घरात तो फोटो वर्षानुवर्षं तसाच बघितलाय त्या घराला कपाळ दिसणं ही फार मोठी गोष्ट असते. पिवळे डाग, चहाचे डाग, जुन्या गोंदाचे, हळदीचे, तेही लाल चॅनलमध्ये खूप कमी होतात. निळ्या शाईने कुणी फोटोवर सही केली किंवा रेघ मारली असेल तर उलट, निळा चॅनल बघा. म्हणून म्हणतो कलर स्कॅन. ग्रेस्केल घेतला की ही तिन्ही दारं बंद होतात.

फोटोशॉपमध्ये हेच चॅनल्स पॅनलमध्ये दिसतं, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही जमतं. गिंप आणि फोटोपी फुकट आहेत, या कामाला तेवढं पुरतं, महागडं सॉफ्टवेअर हवंच असं अजिबात नाही.

तुकडे झालेला फोटो असेल तर सगळे तुकडे एकाच वेळी, एकाच दिशेने काचेवर ठेवा, एक उभा एक आडवा असं नको. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे तुकडा फिरवला की कागदाच्या सुरकुत्यांची सावली दुसरीकडे पडते आणि जोड दिसत राहतो. जाळीसारखा किंवा रेशमी पोताचा कागद असेल तर दोनदा स्कॅन करा, दुसऱ्या वेळी फोटो उलटा म्हणजे १८० अंशात फिरवून, मग कॉम्प्युटरवर दुसरा सरळ करून पहिल्यावर बसवायचा आणि वरच्या लेअरची, म्हणजे वर ठेवलेल्या थराची, ओपॅसिटी (गडदपणा) निम्मी करायची, पोताच्या सावल्या बऱ्याच मरतात.

काचेला चिकटलेला किंवा गडद भागावर निळसर चंदेरी चमक आलेला फोटो स्कॅनरवर चांगला येत नाही, त्याला कॅमेराच बरा. ती चमक म्हणजे प्रिंटमधली चांदी वर आलेली असते. फोटो टेबलावर सपाट, कॅमेरा स्टँडवर बरोबर वर, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. काळा कपडा किंवा काळा कार्डशीट कॅमेऱ्याच्या पुढे धरून त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं तर काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब जातं. लेन्सला पोलरायझर (चमक अडवणारी फिल्टरची काच) आणि दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म लावता आली तर चंदेरी चमक पूर्ण मारता येते. यातलं काहीच नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी मोबाईलने काढा, गुगलचं फोटोस्कॅन ॲप चार कोपऱ्यांतून शॉट घेऊन चमक कमी करतं, अगदी काही नसण्यापेक्षा ते बरं.

मूळ स्कॅन झाला की त्या फाइलला हात लावायचा नाही. कॉपी करा, कॉपीवर काम करा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तासभर नुसता फोटो वाचा. कॉम्प्युटरवर मोठा करून वर्दीचा इंच इंच बघा आणि काय दिसतंय ते कागदावर लिहा, म्हणजे नंतर डाग काढता काढता बाहीवरची फीत डागासोबत जाणार नाही. बाहीवर व्हीसारख्या पट्ट्या किती, एक असेल तर लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक चांदणी असेल तर बहुधा जमादार, म्हणजे आजचा नायब सुभेदार, दोन असतील तर सुभेदार. बिल्ल्यावर किंवा बटणावर मुकुट दिसला तर वर्दी २६ जानेवारी १९५० च्या आधीची धरायला हरकत नाही, त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगुल असतं. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, तिच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, त्यामुळे तिथे नुसती उभी रेघ दिसली तर ती भेग समजून पुसू नका.

फोटो उलटा तर नाही ना तेही बघा. निगेटिव्हवरून प्रिंट करताना किंवा स्कॅन करताना डावं उजवं बदललेलं असतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. स्वतःची पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावतात, पुरुषाच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, अक्षरं असतील तर ती सरळ वाचता यायला हवीत. हे जुळत नसेल तर फ्लिप करा. एक अपवाद, वारलेल्या नातेवाइकाची पदकं घरचा माणूस उजव्या बाजूला लावतो, तेव्हा बटणंही बघूनच ठरवा.

घरात पदकं असतील तर तीही काढा, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण उमटवलेली असते. ती चिंचेने किंवा पितळ घासायच्या पावडरीने घासू नका प्लीज, प्रत्येक घासण्याबरोबर ती अक्षरं झिजतात.

आता दुरुस्ती. आधी लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज, म्हणजे फोटोतला काळा-पांढरा कमीजास्त करायची टूल्स. पुसट फोटोत काळा रंग तपकिरी राखाडी झालेला असतो आणि पांढरा पिवळट, तो दोन्हीकडून थोडा थोडा ओढायचा, पण इतका नाही की मिशा, केस आणि टोपी एकच काळा ठोकळा होईल. शर्टाच्या घड्या आणि खिशाची शिवण दिसत राहायला हवी, तिथे नजर ठेवली की बरोबर जमतं.

मग नवीन रिकामी लेअर घेऊन हीलिंग (आजूबाजूच्या छटेत मिसळून डाग भरणारं टूल) आणि क्लोन (जवळचा तुकडा जसाच्या तसा उमटवणारं टूल). हीलिंग टूल मोकळ्या जागेवर छान चालतं, भिंत, आकाश, स्टुडिओचा रंगवलेला पडदा, पण जिथे कड आहे, खांदा आणि पडदा मिळतात तिथे, कॉलरपाशी, पट्ट्यापाशी, तिथे ते चिखल करतं, तिथे क्लोन घ्या, लहान ब्रश, आणि जवळचाच नमुना उचला. आधी पार्श्वभूमी, मग वर्दी, चेहरा सगळ्यात शेवटी, कारण तोवर हात बसलेला असतो. एकदा १०० टक्क्यांवर काम करा, मग लांबून बघा, पुन्हा जवळ या. ३०० टक्क्यांवर झूम करून प्रत्येक ठिपका मारत बसलात तर फोटोचा दाणा, म्हणजे बारीक कणांचा पोत, निघून जातो आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो. जिथे फार गुळगुळीत झालं तिथे शेवटी थोडा नॉइज (बारीक ठिपके) टाकून बाकीच्या दाण्याशी जुळवून घ्या.

चेहऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो. त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे, त्यामुळे काही चेहरे मुळातच गुळगुळीत असतात, ते तसेच ठेवा. व्रण, देवीचे वण, वाकडं नाक, एक डोळा लहान, हे काढायचं नाही, त्यावरूनच घरची माणसं ओळखतात. एक डोळा पूर्ण गेला असेल तर बरेच जण दुसरा डोळा फ्लिप करून बसवतात, पण मग डोळ्यातला उजेडाचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो आणि नजर विचित्र होते, शिवाय कुणाचेच दोन डोळे सारखे नसतात. त्यांचा दुसरा एखादा फोटो, ग्रुप फोटो का होईना, त्याच कोनातला मिळाला तर त्यातून घ्या. नाही मिळाला तर आजूबाजूच्या छटांनी हळुवार भरून तो भाग थोडा अस्पष्टच राहू द्या. अस्पष्ट चाललं, दुसऱ्याचा डोळा नको.

यावरूनच एआयकडे येतो. जीएफपीगॅन, कोडफॉर्मर आणि मोबाईलवरची त्याच जातीची ॲप्स चेहरा दुरुस्त करत नाहीत, अंदाजाने नवा काढतात. हजारो चेहरे बघून शिकलेलं मॉडेल तुमच्या फोटोतल्या ४० पिक्सलच्या धूसर चेहऱ्याकडे बघतं आणि तिथे शोभेल असा चेहरा बसवतं, पापण्यांच्या केसांपर्यंत. दिसतं सुंदर, पण तो माणूस दुसराच असतो. बऱ्याचदा रंग उजळ होतो, नाक बारीक होतं, ओठांची ठेवण बदलते, कुणाचे तरी आजोबा जाहिरातीतले दिसायला लागतात. वर्दीवर तर आणखी वाईट, दोन फितींच्या तीन होतात, रिबनींचे पट्टे मिसळून जातात, बिल्ल्यावरचं बिगुल फुलासारखं काहीतरी होतं, अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे किडे येतात, आणि पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या पगडीचे पेच तर त्याला कळतच नाहीत. नाईकाचा हवालदार करायचा अधिकार आपल्याला नाही. आणि ते डोळे मिचकावणारे, हसणारे व्हिडिओ, मला ते बघवत नाहीत, तो माणूस तसा हसायचा का हे माहीत नसताना त्याला हसवणं बरोबर वाटत नाही.

तरी एआय पूर्ण वाईट आहे असं नाही. मागच्या भिंतीवरचे ओरखडे, आकाश, जमीन यासाठी वापरा. एआयने केलेली इमेज तुमच्या कामावर वेगळी लेअर म्हणून ठेवा, मास्क (लेअरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) काळा करा आणि जिथे हवं तिथेच उघडा, चेहरा, हात, वर्दी बंदच ठेवा. झाल्यावर त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेलं जे कुणी घरात उरलंय, आत्या, काका, मोठी मावशी, त्यांना मूळ आणि दुरुस्त दोन्ही प्रिंट समोर ठेवून विचारा. कोणती कुठली ते सांगू नका. त्या म्हणाल्या की हे अण्णा नाहीत, तर तुमचं कितीही चांगलं दिसत असलं तरी मागे जा.

रंग भरायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घरच्यांनी मागितलं तरच करतो आणि रंगीत प्रत वेगळी ठेवतो. भरायचेच असतील तर आधी हे समजून घ्या की जुन्या काचेच्या निगेटिव्ह आणि फिल्म बऱ्याचदा ऑर्थोक्रोमॅटिक असायच्या, म्हणजे त्यांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल वस्तू जवळपास काळी यायची, निळी फिकी यायची. त्यामुळे गव्हाळ सावळा चेहरा प्रत्यक्षापेक्षा जास्त काळा येतो आणि निळं कापड पांढरट. फोटोतली छटा बघून रिबनीला रंग दिला तर हमखास चुकतो, रंग माहितीवरून द्यायचा. १९३९-४५ स्टारवर गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. बर्मा स्टारवर मधे रुंद लाल, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यातून नारिंगी रेघ. इटली स्टारवर लाल पांढरा हिरवा पांढरा लाल. मराठा पलटणी इटलीत मोठ्या लढल्या, नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या तिथल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यामुळे ही रिबन आपल्या भागातल्या फोटोंत सापडू शकते. १९७१ च्या लढाईतल्या माणसाकडे पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल, आणि ते बहुतेक वेळा घरातच असतं, समोर ठेवून रंग घ्या.

वर्दीचंही तसंच, सगळी फौज एकाच हिरव्या रंगात रंगवू नका. आफ्रिकेत वाळवंटात सुती खाकी, इटलीच्या थंडीत तपकिरी झाक असलेली लोकरी खाकी, बर्मात पुढे जंगल ग्रीन आला, आणि ऑलिव्ह ग्रीन स्वातंत्र्यानंतरचा. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कूतच्या वेढ्यात ज्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला संपला, त्या काळातल्या पणजोबांना ऑलिव्ह ग्रीन घातला तर तो सरळ सरळ खोटा फोटो होतो. फोटो हाताने रंगवलेला असेल, गाल गुलाबी, बटणं सोनेरी, तर तो रंग त्या काळच्या कारागिराचा आहे, फिका झाला असेल तेवढाच उचला, काळापांढरा करून नव्याने रंगवू नका. ७० च्या दशकातले कलर प्रिंट लालसर पडलेले असतात, तिथे लेव्हल्समध्ये तिन्ही चॅनल वेगवेगळे ओढले की बरंच परत येतं.

पलटण, नंबर कळला की माहिती पुढे शोधता येते. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे कुठे अर्ज करायचा ते विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, आणि तोफखान्याचं तर आपल्या नाशिकरोड कॅम्पातच. महायुद्धात कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये कसंही लिहिलेलं असतं, त्यामुळे पाच सहा प्रकारे टाकून बघा, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं की खात्री धरा. बर्मात कामी आलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा जवळपास २७,००० जणांची नावं एकट्या रंगून मेमोरियलवर आहेत.

फाइलच्या नावातच सगळं लिहा, नातं, नाव, पलटण, अंदाजे साल, आणि शेवटी मूळ, दुरुस्त, रंगीत किंवा एआय यातलं काय ते. तीन जागी ठेवा, कॉम्प्युटर, बाहेरची हार्ड डिस्क आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडे. प्रिंट मॅट कागदावर काढा, आणि फ्रेम करताना मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला म्हणजे नवा फोटो काचेला टेकणार नाही. भिंतीवर नवी प्रिंट लावा, हार कुंकू तिलाच. मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कप्प्यात ठेवा. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, मागच्या बाजूचा स्कॅनही सोबत जोडा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि रिबनीचे पट्टे पुन्हा एकमेकांत मिसळतात.